बारा प्राण्यांचं एक तप: चिनी राशीचक्राची नाणी जमवायला घेताना

भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी चांदीचं नाणं नेलं होतं. तेव्हा सिंगापूरला नोकरीला होतो. भाचा २०१५चा, म्हणून नाणंही २०१५चं, मागच्या बाजूला बोकड. परत गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या चिनी सहकारी बाईंना कौतुकाने फोटो दाखवला. त्यांनी फक्त जन्मतारीख विचारली. "१० फेब्रुवारी," मी म्हटलं. त्या आधी हसल्या, मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तो बोकड नाही हो. घोडा आहे."

चिनी नवं वर्ष २०१५ साली १९ फेब्रुवारीला लागलं. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत जन्मलेली सगळी मुलं घोड्याच्या वर्षातली. झालं, २०१४चं घोड्याचं नाणं शोधायला निघालो आणि या छंदात अडकलो. आता लोक मला विचारतात, "सुरुवात कुठून करू?" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो.

पहिली पायरी: वर्ष मोजायला शिका

बारा प्राणी आणि त्यांचा क्रम पाठ करून टाका: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. सध्याचं चक्र २०२०च्या उंदरापासून सुरू झालं, ते २०३१च्या डुकराला संपेल. कुठल्याही सालात बारा मिळवा किंवा वजा करा, प्राणी तोच येतो. आपल्याकडे बारा वर्षांना एक तप म्हणतात, त्यामुळे हा हिशेब मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. शिवाय चिनी पद्धतीत या बारा प्राण्यांना पाच तत्त्वांची जोड असते: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. त्यातून साठ वर्षांचं मोठं चक्र होतं. २०२४ लाकडाचा ड्रॅगन, २०२६ अग्नीचा घोडा. पाडव्याला पंचांगातून संवत्सराचं नाव वाचणाऱ्या घरात साठाचं चक्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

घोळ होतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. चिनी वर्ष चांद्रमासावर चालतं आणि २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान केव्हातरी सुरू होतं. २०१२चा ड्रॅगन २३ जानेवारीला आला, २०१६चं माकड ८ फेब्रुवारीला, २०२३चा ससा २२ जानेवारीला, २०२४चा ड्रॅगन १० फेब्रुवारीला, २०२५चा साप २९ जानेवारीला आणि २०२६चा घोडा १७ फेब्रुवारीला. नाण्यावर मात्र इंग्रजी साल छापलेलं असतं. कुणाच्या जन्मवर्षाचं नाणं भेट द्यायचं असेल आणि ती व्यक्ती वर्षाच्या पहिल्या पन्नासेक दिवसांत जन्मलेली असेल, तर आधी तारीख तपासा. माझी बहीण अजून मला "बोकडवाला मामा" म्हणते.

प्राण्यांच्या नावांतही एक गंमत आहे. चिनी भाषेत 'यांग' या एकाच शब्दात बोकड, मेंढा, मेंढी सगळं येतं. त्यामुळे २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या टाकसाळीने 'गोट' काढला, तर ब्रिटनच्या रॉयल मिंटने 'शीप'. २०२०चं पर्थचं नाणं 'माऊस', ब्रिटनचं 'रॅट'. इंटरनेटवर शोधताना एकाच नावाने शोधलंत तर अर्धी नाणी नजरेला पडणारच नाहीत. दोन्ही नावं टाकून बघा.

दुसरी पायरी: नाण्याची जात ओळखा

हे नीट कळलं की निम्मे पैसे वाचतात. राशीचक्राची नाणी म्हणून जे काही विकलं जातं त्यात ढोबळ चार जाती आहेत.

पहिली जात चलनातल्या स्मारक नाण्यांची. चीनची मध्यवर्ती बँक, म्हणजे पीपल्स बँक ऑफ चायना, २००३च्या बोकडापासून एक युआनची पिवळ्या धातूची नाणी काढत आली. २०१४च्या घोड्याला ते चक्र पूर्ण झालं. २०१५च्या बोकडापासून दुसरं चक्र सुरू झालं. ही नाणी दहा युआनची, दोन धातूंची, २७ मिलिमीटर व्यासाची. यात सोनं-चांदी काही नाही. चीनमधली माणसं ओळखपत्र दाखवून बँकेत नोंदणी करतात आणि दर्शनी किमतीलाच नाणी घेतात. २०२४च्या ड्रॅगनच्या वेळी माणशी वीस नाण्यांची मर्यादा होती. आपल्या पैशात दहा युआन म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. शाळकरी मुलाला या छंदात आणायचं असेल तर याहून चांगलं नाणं नाही.

पण 'स्मारक नाणं आहे म्हणजे दुर्मीळ असणार' ही समजूत इथेच सोडून द्या. २००३चं बोकडाचं नाणं एक कोटी निघालं, २०१५चं आठ कोटी, २०२४चं बारा कोटी. २०१६च्या माकडाची तर तब्बल ५० कोटी नाणी पाडली. विक्रेता मखमली डबीत घालून 'लिमिटेड एडिशन' म्हणत तेच माकड पुढे करतो, तेव्हा हा आकडा आठवावा.

दुसरी जात बुलियनची. ९९.९ किंवा ९९.९९ टक्के शुद्ध सोन्या-चांदीची ही नाणी मुळात धातूच्या भावावर विकायला काढलेली असतात. त्यांच्यावर दर्शनी मूल्यही असतं, पण ते नावापुरतं. पर्थच्या एक औंस चांदीच्या नाण्यावर एक ऑस्ट्रेलियन डॉलर लिहिलेला असतो आणि एक औंस सोन्याच्या नाण्यावर शंभर डॉलर. त्या किमतीला ते नाणं खर्च करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

तिसरी जात प्रूफ नाण्यांची. पॉलिश केलेल्या ठशांनी, जास्त जोर लावून पाडलेली. मोकळी जागा आरशासारखी, प्राणी त्यावर दुधट आणि उठावदार. सोबत लाकडी पेटी, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र. भारत सरकारच्या टाकसाळीचे प्रूफ संच ज्यांनी बघितलेत त्यांना हा थाट ओळखीचा वाटेल. दिसायला अप्रतिम. पण विकायला गेलात की पेटीचे आणि प्रमाणपत्राचे पैसे बहुतेक वेळा परत येत नाहीत.

चौथी जात म्हणजे उरलेलं सगळं. रंगीत नाणी, सोन्याचा मुलामा दिलेली नाणी, खडे बसवलेली, छोट्या बेटांच्या नावाने निघालेली, आणि मुळात नाणी नसलेली पदकं. नुसता ड्रॅगन काढलेली चकती म्हणजे नाणं नव्हे. देशाचं नाव आणि दर्शनी मूल्य दोन्ही नसतील तर ते पदक. पदक घेऊ नये असं माझं म्हणणं नाही, फक्त नाण्याच्या भावाने घेऊ नका.

तिसरी पायरी: कोणाची मालिका?

इतिहास थोडक्यात सांगतो. हाँगकाँगने १९७६च्या ड्रॅगनपासून १९८७च्या सशापर्यंत हजार डॉलरची बारा सोन्याची नाणी काढली. ती २२ कॅरटची, प्रत्येकी सुमारे १५.९८ ग्रॅम वजनाची, डबल सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याच्या मापाची. चीनने स्वतःची मालिका १९८१ साली कोंबड्यापासून सुरू केली, सिंगापूरनेही त्याच कोंबड्यापासून. कॅनडा १९९८च्या वाघापासून उतरला, ब्रिटन २०१४च्या घोड्यापासून. चीनच्या सोन्या-चांदीच्या नाण्यांत गोल आकाराबरोबर पंख्याच्या आणि फुलाच्या पाकळ्यांच्या आकाराचीही नाणी मिळतात. बघावीत जरूर, पण नवख्याने हात घालू नये. भाव चढे आणि नकला भरपूर.

ब्रिटनच्या पहिल्याच वर्षाची एक गोष्ट मला फार आवडते. २०१४च्या घोड्याला साधी कड असायला हवी होती. पण टाकसाळीत ठशांची अदलाबदल झाली आणि हजारो घोड्यांच्या दर्शनी बाजूला ब्रिटानिया या दुसऱ्या ब्रिटिश नाण्याची दातेरी कड आली. दोन वेगळ्या नाण्यांच्या ठशांतून जन्मलेल्या अशा नाण्याला संग्राहकांच्या भाषेत 'म्यूल', म्हणजे खेचर म्हणतात. घोड्याच्या वर्षी टाकसाळीत खेचरं जन्मली! ते नाणं जास्त भावाने विकलं जातं. २०१४चा ब्रिटिश घोडा कुणी साध्या भावात देत असेल तर राणीच्या बाजूची कड भिंगाखाली बघून घ्या.

नवख्याला मी डोळे मिटून पर्थची मालिका सुचवतो. पर्थची टाकसाळ १८९९ साली लंडनच्या रॉयल मिंटची शाखा म्हणून सुरू झाली. तिची नाणी जगभर ओळखली जातात, त्यामुळे विकायला सोपी जातात. जुन्या नाण्यांवर एका बाजूला राणी एलिझाबेथ, अगदी नव्यांवर राजे चार्ल्स, आणि मागे प्राणी. आत्तापर्यंत तीन मालिका झाल्यात. पहिली मालिका सोन्यात १९९६ ते २००७, चांदीत १९९९ ते २०१०. दुसरी २००८ ते २०१९. तिसरी २०२०पासून, ती २०३१पर्यंत चालेल.

तारखा पुन्हा एकदा वाचा. चांदीत पहिली आणि दुसरी मालिका तीन वर्षं एकमेकींवर चढल्या आहेत. म्हणजे २००८, २००९ आणि २०१० या सालांची पर्थची एक औंस चांदीची नाणी दोन-दोन आहेत, चित्रं वेगळी, व्यास वेगळे. मी दुसऱ्या मालिकेचा वाघ समजून पहिल्या मालिकेचा वाघ मागवला होता. विक्रेत्याची काहीच चूक नव्हती, त्याने लिहिलं तेच पाठवलं. मीच 'मालिका कुठली' हे विचारायचं विसरलो.

चौथी पायरी: हद्द आखून घ्या

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पहिलं नाणं घ्यायच्या आधी शेवटचं नाणं कुठलं असेल ते ठरवा.

एकच मालिका, एकच धातू, एकच वजन, बारा नाणी. बस. नाहीतर काय होतं? ससा चांदीत घेतला, ड्रॅगन रंगीत आवडला, साप सोन्याचा छोटा मिळाला, घोडा ब्रिटनचा. चार वर्षांनी हातात चार नाणी असतात आणि संग्रह नसतो. सुट्या नाण्यांचा ढीग विकताना प्रत्येकाला वेगळं गिऱ्हाईक शोधावं लागतं. एका मालिकेचे बारा प्राणी मात्र संच म्हणून जातात.

हद्द दोन प्रकारे आखता येते. एक, चालू मालिका घ्यायची आणि दर वर्षी एक नाणं. यात खर्च तपभर पसरतो. पर्थचं पुढच्या वर्षाचं नाणं साधारण आदल्या सप्टेंबरात बाजारात येतं. तेव्हाच घेतलेलं बरं. चिनी नववर्षाच्या तोंडावर सगळेच शोधायला लागतात. दोन, पूर्ण झालेली मालिका मागे जात जात भरायची. यात शोधण्याची मजा आहे, पण एक-दोन प्राणी खिसा कापतात. ड्रॅगन नेहमीच महाग. चिनी लोकांत ड्रॅगन सर्वांत शुभ, त्या वर्षी सिंगापूरसारख्या ठिकाणी बाळंही जास्त जन्माला येतात, मग नाण्यांना मागणी का नसेल? २०१२चा ड्रॅगन आधी घ्या, मग बाकीचे. उलट केलंत तर अकरा नाणी घेऊन बाराव्यासाठी अडून राहाल, आणि विक्रेत्याला ते चेहऱ्यावर दिसतं.

तिसराही एक प्रकार आहे, तो मला भावला: फक्त घरातल्या माणसांचे प्राणी. आई, बाबा, बायको, मुलं. पाच-सहा नाण्यांत संग्रह पूर्ण. यात साल महत्त्वाचं नाही, प्राणी महत्त्वाचा. आजोबांच्या जन्मसालाचं नाणं मिळणार नाही, पण त्यांचा प्राणी दर बारा वर्षांनी येतोच.

पाचवी पायरी: किंमत सोलून बघा

बुलियन नाण्याची किंमत म्हणजे धातू अधिक वरकड. ही वरकड, म्हणजे प्रीमियम, काढता आली पाहिजे. नाण्याचा औंस हा ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम. जुन्या हिशेबाने तीन औंस म्हणजे नेमके आठ तोळे. अर्थात सराफाचा आजचा तोळा दहा ग्रॅमचा आहे, त्यामुळे तोळ्यात गेलात तर गोंधळाल. ग्रॅममध्येच करा.

समजा चांदी ग्रॅमला १०० रुपये आहे. एका औंसात धातू ३,११० रुपयांचा. विक्रेता ४,३०० मागतोय. म्हणजे वरकड १,१९०, जवळजवळ ३८ टक्के. चालू वर्षाच्या साध्या नाण्याला एवढी वरकड देऊ नका. २०१२च्या ड्रॅगनला द्यावी लागेल. वरकड कशासाठी देतोय हे एका वाक्यात सांगता आलं नाही तर खाली ठेवून द्या, हा माझा नियम.

नाणी किती पाडली हा आकडा बघताना 'कमाल मर्यादा' आणि 'प्रत्यक्षात पाडलेली' यांतला फरक विचारा. पर्थच्या दुसऱ्या मालिकेत एक औंस चांदीच्या नाण्याची मर्यादा ३,००,००० होती आणि एक औंस सोन्याची ३०,०००. मर्यादा गाठली जातेच असं नाही.

प्लास्टिकच्या सीलबंद चपट्या डबीत येणारी, एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकी संस्थांनी दर्जा दिलेली नाणीही दिसतील. सत्तरपैकी किती, असा तो दर्जा. टाकसाळीतून सरळ बाहेर आलेल्या आधुनिक नाण्याला ६९ किंवा ७० मिळणं फार अवघड नाही. एका गुणासाठी दुप्पट पैसे मोजणं मला पटत नाही. ज्यांना पटतं त्यांच्याशी वाद नाही.

सहावी पायरी: घ्यायचं कुठून

सिंगापुरात सोपं होतं. दुकानात जायचं, काउंटरवर बघायचं, घ्यायचं. तिथे ऑक्टोबर २०१२पासून गुंतवणुकीच्या दर्जाच्या सोन्या-चांदीवर जीएसटी नाही, संग्राहकांसाठीच्या नाण्यांवर मात्र आहे, सध्या ९ टक्के. एकाच काउंटरवरच्या दोन नाण्यांना दोन वेगळे हिशेब. बिल करायच्या आधी विचारून घ्या.

भारतात परिस्थिती वेगळी. परदेशी नाणी जवळ बाळगायला रिझर्व्ह बँकेच्या नियमांत मर्यादा नाही, ती नोटांना आहे. पण ती नाणी देशात आणणं हा वेगळा विषय. सोन्या-चांदीचं नाणं कस्टम्सच्या दृष्टीने मौल्यवान धातू असतो, आणि त्यांच्या आयातीचे नियम आणि दर सरकार वरचेवर बदलतं. परदेशातून येताना मिळणारी सोन्याची सवलत दागिन्यांपुरती. नाणं दागिना नाही, ते जाहीर करावं लागतं. "एकच तर आहे, खिशात टाकून आण" असं भावाला सांगू नका. विमानतळावर उभं त्याला राहायचंय, तुम्हाला नाही.

टपालाचंही तसंच. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांप्रमाणे नाणी आणि मौल्यवान धातू विम्याशिवायच्या साध्या पाकिटातून पाठवता येत नाहीत. काही परदेशी विक्रेते पाकिटावर 'भेटवस्तू' लिहून पाठवतो म्हणतात. त्यांना नको म्हणा. माझं एक पाकीट असंच अडकलं होतं. सात आठवडे मी ट्रॅकिंगचं पान उघडत बसलो होतो, आणि शेवटी ते परत पाठवणाऱ्याकडे गेलं.

म्हणून इथे राहणाऱ्याला माझा सल्ला: मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे जा. परदेशी नाण्यांची टेबलं असतात. पहिल्या फेरीत काही घेऊ नका, फक्त भाव विचारत फिरा. एकाच नाण्याचे चार टेबलांवर चार भाव ऐकलेत की डोकं ताळ्यावर येतं. जुन्या संग्राहकांशी ओळख होते, आणि पुढची चांगली नाणी त्या ओळखीतूनच मिळतात. जाण्याआधी नुमिस्टा या ऑनलाइन सूचीत आपल्या बारा नाण्यांचं वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची चित्रं बघून वहीत उतरवून न्या. बिल मागाच. बिल नाही म्हणाला तर पुढचं टेबल.

सातवी पायरी: खोटं पकडा

नकली नाणी आता इतकी चांगली येतात की फोटोवरून मलाही ओळखता येत नाहीत. हातात आल्यावर मात्र लपत नाहीत.

साधन फार लागत नाही: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, एक जोरदार चुंबक, भिंग. चांदी चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर तिथेच संपलं. पण न चिकटलं म्हणून खरं असं नाही, कारण तांबं आणि पितळही चिकटत नाही. मग वजन आणि व्यास मोजा. इथे नकली नाण्याची पंचाईत होते. चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६. तांब्याचं नाणं खऱ्याच्या मापाचं केलं तर हलकं भरतं, आणि खऱ्याच्या वजनाचं केलं तर जाड होतं.

सर्वांत खात्रीची परीक्षा पाण्याची. मी एकदा ऑनलाइन २०१२चा ड्रॅगन घेतला. भाव जरा जास्तच चांगला होता. घरी वजन केलं, ३१.१ ग्रॅम. बरोबर. व्यासही बरोबर. तरी बोटांना कड किंचित जाड वाटत होती. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला प्लास्टिकचा पेला ठेवला आणि काटा शून्यावर आणला. नाण्याला शिवणाच्या दोऱ्याचा आडवा-उभा फास घातला आणि ते पाण्यात अधांतरी सोडलं, तळाला किंवा भिंतीला न टेकवता. पूर्ण बुडल्यावर काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. खऱ्या चांदीला तो २.९६ किंवा २.९७ यायला हवा. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते. माझा आकडा आला ३.४८. पुन्हा केलं, ३.४७. मनातल्या मनात भागाकार केला आणि दोरा सोडून दिला. पेल्याच्या तळाशी तांब्याचा ड्रॅगन पडला होता, चांदीचा मुलामा लावून.

ही परीक्षा साध्या बुलियन नाण्यावरच करा, शुद्ध केलेलं पाणी वापरा आणि नंतर मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. प्रूफ नाण्याला पाणी दाखवायचं नाही. सोन्यासाठी हीच युक्ती थोडी लंगडी पडते, कारण टंगस्टनची घनता सोन्याइतकीच, साधारण १९.३. सोन्याचं नाणं ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

आठवी पायरी: सांभाळा, आणि घासू नका

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आईने माझी चांदीची नाणी ताटात मांडली. मला आनंदच झाला. जवळ जाऊन बघितलं तर नाणी लखलखत होती, जरा जास्तच. "काळी पडत चालली होती रे, टूथपावडरने स्वच्छ केली," आई म्हणाली. मी काही बोललो नाही. बोलणार काय? घरच्या निरांजनाला आणि करंड्याला जे लावतात तेच तिने लावलं होतं. सशाच्या आणि सापाच्या अंगावर बारीक गोल ओरखडे कायमचे उमटले. ती नाणी आता धातूच्या भावाची. दर दिवाळीला तीच ताटात ठेवतो, बाकीची कपाटात.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. म्हणून रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरी कापड नाण्यांपासून दूर ठेवा. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या, पीव्हीसीच्या पाकिटांतून काही वर्षांनी चिकट हिरवट थर सुटतो, तीही नकोत. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या वेळेवर बदला. नाणं धरायचं ते कडेने, दोन बोटांत, खाली मऊ कापड अंथरून. चित्रावर अंगठा पडला तर आज काही दिसत नाही, दोन वर्षांनी तुमच्या अंगठ्याचा ठसा ड्रॅगनच्या मिशीवर तपकिरी उमटतो.

चांदीवर कधीकधी दुधाळ पांढरे डाग येतात. ते टाकसाळीतल्या प्रक्रियेतूनच येतात, तुमची चूक नसते. घासून जात नाहीत, म्हणून घासू नका.

नोंदवही ठेवा. तारीख, कुठून घेतलं, किती दिले, त्या दिवशी चांदीचा भाव काय होता, दोन्ही बाजूंचे फोटो, बिल. विकायची वेळ आली तर ही वही निम्मं काम करते, आणि नाही आली तर घरच्यांना कळतं की हे काय आहे. नाहीतर तुमच्या पश्चात कुणीतरी ते सराफाकडे वितळवायला नेईल.

कॅप्सूलबद्दल शेवटचं. गोल पारदर्शक कॅप्सूल घेताना 'एक औंसाची' म्हणून मागू नका, व्यास सांगून मागा. पर्थचं दुसऱ्या मालिकेतलं एक औंस चांदीचं नाणं ४५.६ मिलिमीटरचं, मोठं आणि पसरट. तिसऱ्या मालिकेतलं त्याच वजनाचं नाणं सुमारे ४१ मिलिमीटरचं. यंदा भाच्याचा घोडा बारा वर्षांनी परत आला, एक तप झालं. त्याच्यासाठी २०२६चा घोडा घेतला आणि २०१४च्या घोड्यासारखंच कॅप्सूल आणलं. त्याने ते कानाशी धरून हलवलं. आत घोडा खडखडत होता. "मामा, हा पळतोय," तो म्हणाला, आणि मी पुन्हा दुकानात गेलो.